रात्रभर मचाणावर, सकाळी रक्त : झोप, हार्मोन आणि एका रिपोर्टची चिकित्सा



पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "दादा, पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं? चिकित्सक वाचन म्हणतात ते कसं असतं?" आज उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. पण सुरुवात पेपरपासून नाही, रक्ताच्या एका रिपोर्टपासून करू. हा रिपोर्ट माझ्या काकांचा आहे आणि त्याने माझा स्वतःचा सिनॉप्सिस जवळजवळ मोडीत काढला.

काका नागझिऱ्यात वनमजूर आहेत. चोरखमारा गेटकडचं आमचं गाव, तिरोडा तालुका. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, हे स्पर्धा परीक्षावाल्यांना पाठ असेलच. दरवर्षी बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यांवर मचाणं बांधतात आणि रात्रभर बसून येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. त्या रात्री काका मचाणावर होते. सकाळी उतरले, गावात आरोग्य शिबिर लागलं होतं, तिथे थेट रांगेत उभे राहिले. नऊच्या सुमारास रक्त दिलं. झोप लागत नाही, अंग जड वाटतं, असं सांगितल्यावर थायरॉइडचीही तपासणी लिहिली गेली.

दोन दिवसांनी फोन. "बाबू, मले थायराइड झाला म्हणते. गोळी जिंदगीभर घ्या लागंल म्हणते."

रिपोर्टवर टीएसएच ६.१. प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४.५. शेजारी ठळक अक्षरात 'जास्त'. टी-फोर नॉर्मल. खाली कुठेतरी रक्त घेतल्याची वेळही छापलेली. पण आदली रात्र कशी गेली, हे लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता.

आता खरं सांगतो. पहिल्यांदा रिपोर्ट पाहिला तेव्हा मला आनंद झाला होता. त्या वेळी माझ्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं 'रात्रगस्त करणाऱ्या वनमजुरांमधील हार्मोन असंतुलन आणि निद्रानाश'. चाळीस जण घ्यायचे, सकाळी एकदा रक्त घ्यायचं, झोपेची प्रश्नावली भरून घ्यायची आणि दोन्हींचा सहसंबंध काढायचा. काकांचा रिपोर्ट मला माझ्या गृहीतकाचा पहिला पुरावा वाटला. हार्मोन बिघडलं, म्हणून झोप बिघडली. सरळ हिशेब!

गाईडना दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रक्त दिलं तेव्हा हा माणूस किती तासांपासून जागा होता?"

मी गप्प.

टीएसएचला घड्याळ असतं

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून टीएसएच निघतं आणि थायरॉइडला कामाला लावतं. इथपर्यंत बारावीचं जीवशास्त्र. पण ते दिवसभर एका पातळीवर राहत नाही. दुपारी ते सगळ्यात खाली असतं, संध्याकाळनंतर चढायला लागतं आणि मध्यरात्रीच्या आसपास शिखर गाठतं. आपण झोपलो की झोप त्याला दाबून ठेवते. म्हणजे रात्रीची चढण शरीरातल्या घड्याळाची आणि तिच्यावरचा ब्रेक झोपेचा.

मग झोपलोच नाही तर? ब्रेक लागत नाही. एका पूर्ण रात्रीच्या जागरणात टीएसएच नेहमीपेक्षा जास्त चढतं आणि जास्त वेळ चढलेलं राहतं. प्रयोगशाळेत झोपू न देता केलेल्या अभ्यासांत हे अनेकदा दिसलेलं आहे. काकांचं रक्त नेमकं अशा रात्रीनंतर घेतलं गेलं होतं.

म्हणजे माझा बाण उलटा असू शकतो. हार्मोनमुळे झोप गेली असं नाही, झोप गेली म्हणून हार्मोनचा आकडा वर गेला. दोन्ही बाजूंनी जाणारा रस्ता आहे हा, आणि एका सकाळच्या एका नमुन्यावरून गाडी कुठून कुठे चालली होती ते कळत नाही.

गंमत पुढे आहे. मी लगेच दुसऱ्या टोकाला गेलो आणि 'जागरणाने टीएसएच वाढतं' असं वहीत लिहून टाकलं. मग १९९९ चा 'लॅन्सेट'मधला श्पीगल आणि व्हान कॉटर यांच्या गटाचा प्रसिद्ध पेपर वाचला. ११ तरुण पुरुष, सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात. या झोपेच्या उधारीत टीएसएच कमी निघालं! एक रात्र अजिबात न झोपणं आणि सहा रात्री अर्धवट झोपणं, या दोन गोष्टींनी आकडा विरुद्ध दिशांना गेला.

तेव्हा 'झोप कमी झाली' हे वाक्य संशोधनात चालत नाही. किती कमी, किती रात्री, कशाच्या तुलनेत? शेवटच्या प्रश्नावर जरा थांबा. त्या पेपरमधली तुलना रोजच्या झोपेशी नाही. सहा रात्री बारा-बारा तास अंथरुणात राहू दिल्यानंतरच्या मोजमापांशी आहे. बारा तास कोण झोपतं हो रोज? म्हणून अभ्यास वाईट ठरत नाही. पण 'झोप कमी झाली की असं होतं' हे वाक्य तिथून उचलून आपल्या प्रस्तावनेत टाकताना तुलना कोणाशी होती ते लिहिलंच पाहिजे. आपण बहुतेक जण लिहीत नाही.

जंगलात झोपलं की हार्मोन जागेवर येतात?

आता मूळ चिकित्सेकडे येतो. माझ्या सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत एक वाक्य होतं : 'नैसर्गिक प्रकाशात राहिल्यास झोपेचे हार्मोन संतुलित होतात.' आधार होता २०१३ साली 'करंट बायोलॉजी'त आलेला केनेथ राईट आणि सहकाऱ्यांचा पेपर. हा पेपर तुम्ही बातमीच्या रूपात नक्की पाहिला असेल. आठवडाभर तंबूत राहा, निद्रानाश पळवा, अशा मथळ्याच्या.

नागझिऱ्याच्या माणसाला हे लगेच पटतं. आमचं जंगल प्रसिद्धच आहे विजेच्या तारा न पोचलेल्या विश्रामगृहांसाठी. तलावाकाठी कंदिलात जेवायचं आणि नऊला आडवं व्हायचं. पुण्या-मुंबईचे पाहुणे दोन दिवस राहून सांगतात, "काय झोप लागली राव!" मीही हेच ऐकत मोठा झालो. म्हणून पेपर नीट वाचलाच नाही. जे आपल्याला आधीच पटलेलं असतं ते आपण सगळ्यात ढिलाईने वाचतो, ही पहिली शिकवण.

नीट वाचल्यावर काय दिसलं? आठ माणसं. एक आठवडा घरचं नेहमीचं आयुष्य, एक आठवडा कोलोरॅडोच्या डोंगरात उन्हाळ्यात मुक्काम. तिथे सूर्य आणि शेकोटी एवढाच प्रकाश, बॅटरी नाही, मोबाइल नाही. प्रत्येक आठवड्यानंतर प्रयोगशाळेत मंद उजेडात ठेवून मेलाटोनिन मोजलं. जंगलात प्रकाश घरच्यापेक्षा चौपटीहून जास्त मिळाला होता. मेलाटोनिन सुमारे दोन तास आधी चढायला लागलं, सूर्यास्ताच्या जवळपास. सकाळी ते उठायच्या आधीच उतरलं.

सुंदर निकाल आहे. पण पुढचं वाक्य बातमीत आलं नाही : झोपेचे एकूण तास बदलले नाहीत. झोप सरकली, वाढली नाही.

आणि ही आठ माणसं निद्रानाशाची रुग्ण नव्हती. निरोगी होती. मग 'निद्रानाश पळवा' कुठून आलं? पेपरमधून नाही, आपल्या इच्छेतून आलं.

आता पद्धतीबद्दल बोलू. त्याच माणसांची त्यांच्या स्वतःशीच तुलना केली हे उत्तम, कारण मेलाटोनिनचं प्रमाण माणसागणिक फार बदलतं आणि आठ विरुद्ध आठ अशी तुलना कोसळली असती. मेलाटोनिनची 'पातळी' न पाहता 'चढायची वेळ' पाहिली, तेही बरोबर. पण जंगलात गेल्यावर फक्त प्रकाश बदलतो का? चालणं वाढतं, जेवणाची वेळ बदलते, ऑफिस सुटतं, रात्री बॉसचा मेसेज येत नाही. प्रकाश हे कारण सगळ्यात संभाव्य आहे, कारण उजेडाने मेलाटोनिन दबतं हे १९८० पासून माहीत आहे. पण या मांडणीत प्रकाश एकटा सुटा होत नाही.

आणि भूगोल. कोलोरॅडो ४० अक्षांशावर, नागझिरा २१ च्या आसपास. तिथला सगळ्यात मोठा दिवस पंधरा तासांचा, आपला साधारण साडेतेरा तासांचा. तिकडे उन्हाळ्यात लोक उन्हात बसतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी मोहाच्या सावलीत पडून राहतात. 'नैसर्गिक प्रकाश' हा शब्द दोन्हीकडे एकच, डोळ्यात शिरणारा उजेड मात्र वेगळा. तो मोजल्याशिवाय निकाल इकडे आणता येत नाही.

माझं मत विचाराल तर पेपर चांगला आहे. त्याने जेवढं म्हटलं तेवढं बहुतेक टिकतं. वाईट होता तो माझा वापर.

मचाण हा फुकटचा प्रयोग आहे

या सगळ्यातून एक कामाची गोष्ट हाती लागली. रात्रपाळी आणि हार्मोन यांवरचे बरेच अभ्यास दवाखान्यातल्या परिचारिका आणि कारखान्यातले कामगार यांच्यावर आहेत. तिथे दोन गोष्टी एकत्र येतात : जागरण आणि ट्यूबलाइट. मेलाटोनिन दबलं तर कशामुळे, हे वेगळं काढायला अवघड.

पौर्णिमेच्या मचाणावर काय असतं? पूर्ण चंद्राचा उजेड एक लक्सपेक्षाही कमी. प्रयोगशाळेत मेलाटोनिन मोजताना 'मंद उजेड' म्हणजे साधारण दहा लक्सच्या आत ठेवतात. म्हणजे आपल्याला लख्ख वाटणारं चांदणं प्रयोगशाळेच्या हिशेबाने अंधारच आहे. बॅटरी आणि मोबाइल बंद असेल तर मचाणावरचा माणूस अंधारात जागा आहे. जागरण आहे, उजेड नाही. दोन चल आपोआप वेगळे झाले. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या लोक अशा रात्री काढतात आणि मला ते दिसलं नाही, कारण मी 'असंतुलन' शोधत होतो.

म्हणून सांगतो, सिनॉप्सिसच्या शीर्षकातून 'असंतुलन' हा शब्द काढा. संतुलन म्हणजे काय, ते कुठे कोणी मोजलं? पातळी, वेळ, लय, चढायचा क्षण असे शब्द वापरा. ते मोजता येतात.

कोणता नमुना कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो

इथे वाघांकडून शिकण्यासारखं आहे. हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडच्या वाघांवर पर्यटनाचा ताण किती पडतो ते तपासलं. २०१९ मध्ये पेपर आला. वाघाचं रक्त कोण काढणार? त्यांनी विष्ठा गोळा केली आणि तिच्यातले ताण-हार्मोनचे अवशेष मोजले. पर्यटनाच्या काळात ते जास्त निघाले. विष्ठेतला आकडा एका क्षणाचा नसतो, मागच्या अनेक तासांची बेरीज असते. जिप्सी समोर आली म्हणून त्या मिनिटाला उसळलेला ताण त्यात वेगळा दिसत नाही. त्यांचा प्रश्न दिवसांचा आणि मोसमाचा होता, म्हणून नमुना बरोबर होता.

माणसाचंही तसंच. रक्त आणि लाळ म्हणजे त्या क्षणाचा फोटो. रात्रभराच्या लघवीतला मेलाटोनिनचा अवशेष म्हणजे एका रात्रीची बेरीज. केसातलं कॉर्टिसॉल म्हणजे काही महिन्यांचा अंदाज, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आधी प्रश्न ठरवा, मग नमुना. आपण उलटं करतो. जवळच्या लॅबमध्ये काय होतं ते विचारतो आणि त्यावर प्रश्न बेततो.

कॉर्टिसॉलचंच घ्या. ते उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. लेप्रू आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की अर्धवट किंवा पूर्ण जागरणानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा ते अकरा या वेळेतलं कॉर्टिसॉल अनुक्रमे ३७ आणि ४५ टक्क्यांनी वाढलेलं होतं. परिणाम संध्याकाळी दिसला. तुम्ही 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये सकाळी आठला रक्त द्याल, तर चोर येऊन गेल्यावर दार तपासल्यासारखं होईल. रात्री उशिराचं लाळेतलं कॉर्टिसॉल ही खरी, उपयोगी तपासणी आहे, पण ती कुशिंग या आजाराच्या संशयासाठी. आणि रात्रपाळीवाल्यांना तीही लागू पडत नाही, कारण त्यांची मध्यरात्र वेगळी असते.

मेलाटोनिनसाठी तर एक नमुना म्हणजे पैसे पाण्यात. झोपायच्या नेहमीच्या वेळेआधी काही तास मंद उजेडात बसवून अर्ध्या किंवा एका तासाने लाळ घेत राहायची आणि ठरवलेली पातळी कधी ओलांडली ते पाहायचं. रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर मेलाटोनिन दबतं, तेही विचारायचं. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांच्या थायरॉइडच्या तपासण्या काही पद्धतींमध्ये चुकीच्या येतात, तेही विचारायचं. हे सगळं लिहायला रिपोर्टवर जागा नसते. तुमच्या प्रपत्रात असली पाहिजे.

मग तपासण्या निरर्थक आहेत का? अजिबात नाही. थायरॉइड जास्त काम करत असेल तर खरंच झोप उडते, छाती धडधडते, वजन उतरतं. अशा वेळी टीएसएच तपासलंच पाहिजे. थायरॉइड मंदावलं तर सुस्ती येते, घोरणं वाढू शकतं. पाळी जाण्याच्या काळात अंगातून वाफा येऊन रात्री चार वेळा उठणाऱ्या बायकांना तर हे हार्मोनचंच दुखणं आहे. आणि पंचेचाळिशीपुढे ते ओळखायला बहुतेक वेळा रक्त लागतच नाही, नीट विचारावं लागतं. निद्रानाशाचं निदानही मुळात बोलण्यातून आणि झोपेच्या डायरीतून होतं. तपासणी लागते ती लक्षणं एखाद्या आजाराकडे बोट दाखवतात तेव्हा. तक्रार ऐकायच्या आधी दहा हार्मोनची यादी छापणं म्हणजे सांख्यिकीत आपण ज्याला चाळणी मारणं म्हणतो तेच. दहा आकड्यांत एखादा बाहेर निघणारच.

काकांचं काय झालं?

गोळी स्वतःहून बंद करा असं मी काकांना सांगितलं नाही. तो माझा अधिकार नाही आणि तुमचाही नाही. ती अजून सुरूच केली नव्हती. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो आणि मचाणाची रात्र सांगितली. ते म्हणाले, टी-फोर नॉर्मल आणि टीएसएच थोडंच वर असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं असतं, त्याआधी घाई नको. काकांनी आठवडाभर घरी झोप काढून पुन्हा रक्त दिलं. ३.४ आलं.

"मंग मले काहीच नाही झालं?" काकांनी विचारलं. चेहऱ्यावर सुटका होती आणि थोडी निराशाही. झोप तर अजूनही लागत नव्हती ना! आजाराला नाव मिळालं की माणसाला धीर येतो. ते नाव आम्ही काढून घेतलं. डॉक्टरांनी मग त्यांना बसवून विचारलं. पाळ्या किती बदलतात, चहा किती वेळा, रात्री काय डोक्यात येतं. मजुरी वेळेवर न येण्याची काळजी निघाली. ती कुठल्याही पॅनेलमध्ये मोजत नाहीत.

आता तुम्ही मला पकडा. काकांच्या गोष्टीवरून मी सिद्ध काय केलं? काहीच नाही. टीएसएच एकाच माणसात आपोआप वरखाली होतं. पहिल्यांदा वर आलेला आकडा दुसऱ्यांदा खाली येण्याची शक्यता तशीही जास्त असते. जागरण हे कारण संभाव्य आहे, सिद्ध नाही. सिद्ध करायचं तर त्याच माणसाचं मचाणाच्या रात्रीनंतर आणि झोपेच्या रात्रीनंतर, त्याच वेळेला, एकाहून जास्त वेळा रक्त घ्यावं लागेल. माझा नवा सिनॉप्सिस तोच आहे. चाळीसऐवजी चौदा जण, पण प्रत्येक जण स्वतःचा तुलनागट, मनगटावर हालचाल आणि उजेड मोजणारा पट्टा, आणि प्रत्येक नमुन्यावर तीन वेळा लिहिलेल्या : घड्याळाची, शेवटचं उठल्याची, नेहमी झोपायची. नैतिक समितीने विचारलं, आकडा वर आला तर त्या माणसाला काय सांगणार? चांगला प्रश्न होता. उत्तर लिहायला मला तीन आठवडे लागले.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम छोटंसं आहे. तुमच्या प्रस्तावनेत ज्या पेपरवर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे तो काढा. 'पद्धती' विभागात जा. नमुना किती वाजता घेतला, तो माणूस कधी उठला होता आणि तुलना कोणाशी केली, ही तीन उत्तरं शोधा. मिळाली नाहीत तर त्या पेपरबद्दलचं तुमचं वाक्य परत लिहा. आणि हो, आदल्या रात्री नीट झोपून मग वाचायला बसा.